बिरुदाआडची पूर्वकथा

'स्वराज्यरक्षक संभाजी' (झी मराठी, २०१७–२०२०) आणि २०१९मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेली 'स्वराज्यजननी जिजामाता' यांची तुलना म्हणजे वेशभूषा, नेपथ्य आणि अभिनय यांची मोजदाद, असाच समज दिसतो. दोन्हींमागे अमोल कोल्हे यांची जगदंब क्रिएशन्स ही एकच संस्था. तेव्हा दुसरी मालिका पहिलीची पूर्वकथा, एवढे म्हणून चर्चा थांबते. वस्तुतः प्रश्न येथेच सुरू होतो.

पहिल्या मालिकेला प्रतिपक्ष होता. गडकऱ्यांच्या अपूर्ण 'राजसंन्यासा'सारख्या नाटकांनी रुजवलेली संभाजीची प्रतिमा वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने खोडली, तरी लोकमनातून ती पुरती गेली नव्हती. 'रक्षक' हे बिरुद त्या जुन्या आरोपपत्राला दिलेले उत्तर होते. १६८९चा शेवट ठाऊक असूनही प्रेक्षक खिळून राहिला, तो या वादामुळे. 'जननी' या बिरुदासमोर मात्र कोणीच उभे नाही. निकाल शीर्षकातच लागलेला. मग नायिकेच्या प्रत्येक कृतीवर पुढच्या राज्याची सावली पडणारच. आपल्या पोटी काय येणार हे जिला जणू आधीच उमगले आहे, तिला निवड करावी लागत नाही, आणि निवडीवाचून नाट्य कसले?

जिजाऊंच्या चरित्रातच नाट्य कमी, ही सबब चालणार नाही. सासर-माहेरच्या वैरात भाऊ गेला. ज्या निजामशाहीची चाकरी दोन्ही घराण्यांनी केली, तिच्याच दरबारात १६२९मध्ये वडील लखुजी जाधव मुलांसह मारले गेले. पुढच्याच वर्षी दुष्काळाने दख्खन होरपळू लागले. या माणसांना 'स्वराज्य' हा शब्द दिसत नव्हता. पूर्वकथाकाराला तो दिसतो, हीच अडचण.

दोन्ही कथा खऱ्या अर्थाने जुळतात त्या पूर्वी वेल्हे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यातील राजगडावर. सप्टेंबर १६५९मध्ये सईबाई तेथे वारल्या, तेव्हा संभाजी सव्वादोन वर्षांचा होता. त्याला दूध पाजणारी धाराऊ शेजारच्या भोर तालुक्यातील कापूरहोळची, असे परंपरा सांगते (गडाखालच्या एका बाईचे नाव टिकले, हेही थोडके नव्हे). मूल आजीच्या पदराखाली आले. अफझलखान स्वारीवर निघालेला होता, आणि प्रतापगडाची भेट अजून दोन महिने दूर होती. जिजाऊंना ना जननी व्हायचे होते, ना कोणाची माता. आईवेगळे पोर सांभाळायचे होते, आणि आपला मुलगा जिवंत परतेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते.