बी चांगले होते, जागा चुकली

आश्विनातला रविवार. घरची चार कामे उरकायची असा बेत होता. पण कृषी पदविकेला माझ्याबरोबर एकाच बाकावर बसणारा मित्र आदल्या रात्रीच येऊन ठेपला. राहाता तालुक्यात त्याची पाटपाण्याखालची शेती, त्यात निम्म्याहून जास्त ऊस. म्हणाला, "भंडारदऱ्याच्या आवर्तनावर आमची तिसरी पिढी जगतीय. पण ते पाणी येतं कुठून, हे मी कधी पाहिलंच नाही. उद्या दाखव." सकाळी सातला माझी शंभर सीसीची जुनी मोटारसायकल काढली. अट एकच ठरली. काटा तीसच्या वर न्यायचा नाही आणि वाटेल तिथे थांबायचे.

अकोल्याच्या पुढे रस्ता हळूहळू चढायला लागतो. प्रवरेकाठचा ऊस मागे राहतो आणि राजूर ओलांडले की भातखाचरे दिसू लागतात. वरच्या वरकस जमिनीत नागली, वरई आणि मधूनमधून खुरासणीचे पिवळे पट्टे. रस्त्याच्या कडेला डांगी जनावरे चरत होती. मुसळधार पावसातही हे जनावर कामाला मागे सरत नाही, म्हणून डोंगरचा शेतकरी त्याला सोडत नाही. मित्र मागे बसून "हे काय, ते काय" विचारत होता. खरे सांगायचे तर हा रस्ता मी जीपमधून कितीतरी वेळा केला आहे. पण काचेतून पाहणे वेगळे आणि उतरून पाहणे वेगळे. जीप थांबली की शेतकरी उभा राहून नमस्कार करतो आणि "सगळं ठीक आहे साहेब" म्हणतो. मोटारसायकल बंद करून बांधावर बसले की तो जवळ येऊन बसतो. मग खरे बोलणे सुरू होते.

रंधा धबधबा पाहून शेंडीला पोचलो. धरणाच्या दगडी भिंतीकडे मित्र बराच वेळ पाहत राहिला. १९१० साली हे काम सुरू झाले, १९२६ साली पूर्ण झाले. साठा सुमारे ११ टीएमसी. याच पाण्यावर खालचा प्रवरेचा पट्टा हिरवा झाला, आणि १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. पुढे याच नदीवर निळवंडे झाले आणि २०२३ साली त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. मित्र म्हणाला, "आमच्याकडे मुलगी देताना आधी विचारतात, पाटाचं पाणी आहे का? ते सगळं इथून सुटतं तर!"

तिथून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता धरला. पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. घाटघर-रतनवाडीच्या अंगाला एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो. मित्राच्या शिवारात वर्षाकाठी पाचशेच्या आसपास पडतो. घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहिलो तेव्हा खाली कोकण धुक्यात होते. इथल्या जलविद्युत प्रकल्पात पाणी कड्याखाली सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी परत वर ओढतात. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. म्हणजे या डोंगराचे पाणी एकीकडे प्रवरेला जाते आणि दुसरीकडे कड्यावर वीज करते.

साम्रदच्या पुढे एका घरापाशी पाणी प्यायला थांबलो. मावशींनी पाण्याबरोबर चहाही केला. मित्र सहज म्हणाला, "मावशी, तुमचं बरं आहे, चहूकडे पाणीच पाणी." त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, आता काय बघता? मे महिन्यात या. मंग हंडा डोक्यावं घ्या आन् आमच्या संगं चला." धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपण भाषणात वापरतो. इथे ती दरवर्षी उन्हाळ्यात घराघरात येते. कारण उघड आहे. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाऊस पडतो तो धरत नाही, वाहून जातो. पाण्याबरोबर मातीही जाते. मित्र त्यानंतर बराच वेळ काही बोलला नाही.

रतनवाडीच्या अलीकडे एक म्हातारे बाबा खाचराच्या बांधावर बसून भात राखत होते. आम्ही गाडी लावली. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले. "तुम्ही ते बी देणारे साहेब ना?" मी हो म्हणालो. तीन वर्षांपूर्वी एका योजनेतून सुधारित भाताच्या पिशव्या मी या बाजूला वाटल्या होत्या. म्हटले, "कसं आलं होतं बाबा?" ते शांतपणे म्हणाले, "खालच्या खाचरात ब्येस आलं. वरच्या तीन खाचरांत निस्तं पळींज. दाणा भरायच्या टायमाला पाणी हटलं. पर एका तुकड्यात आमचं घरचं हळवं टाकलं व्हतं, त्याच्यावं वरीस काढलं." मला काय बोलावे सुचेना. माझा चेहरा पाहून तेच पुढे म्हणाले, "बी चांगलं व्हतं साहेब. जागा चुकली."

बाबांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. ज्या घराला त्या तीन खाचरांवर आठ महिने खायचे होते, त्या घराने तो हंगाम कसा काढला, हे मी तीन वर्षांत विचारायलाही गेलो नव्हतो. माझ्या अहवालात मात्र "बियाणे वाटप शंभर टक्के" असे लिहिलेले होते.

चूक काय झाली ते सरळ आहे. भाताच्या जाती हळव्या, निमगरव्या आणि गरव्या असतात. तळाच्या खोल खाचरात ओल टिकते, तिथे गरवे भात चालते. उतारावरच्या उथळ खाचरात पाऊस सरला की आठ-दहा दिवसांत भेगा पडतात, तिथे लवकर निसवणारे हळवेच हवे. बाबांना हे कळते, त्यांच्या नातवालाही कळते. मलाही पदविकेला शिकवले होते. पण वाटपाच्या यादीत "भात, इतके हेक्टर" एवढाच रकाना होता आणि मीही तेवढाच भरला. खाचर खोल की उथळ, हे विचारणारा रकाना कुणी आखलेला नव्हता.

म्हणून ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक बंधूंना माझे सांगणे आहे. आपल्या पदांची नावे आता बदलली, पण लोकांच्या तोंडी हीच आहेत. डोंगरी गावात १ मेच्या ग्रामसभेत तासभर फक्त एवढेच करा. गावातले चार जाणते शेतकरी समोर बसवा आणि शिवाराची यादी लिहा. कुठली खाचरे खोल, कुठली उथळ, कुठे भात मानवतच नाही. पुढे कुठल्याही योजनेचे बियाणे आले तर ते त्या यादीप्रमाणे द्या. याला वेगळा निधी लागत नाही.

शेतकरी बांधवांनाही सांगतो. सरकारी पिशवी आली म्हणून घरचे बी मोडू नका. निदान एका तुकड्यात ते दरवर्षी पेरत जा. आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरचे वाण जपले, त्या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. घरचे बी राखायचा, पेरायचा, एकमेकांत द्यायचा हक्क २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलेला आहे. आणि ज्या तुकड्याला भात मानवत नाही, तिथली नागली हलकी समजू नका. २०२५-२६ च्या खरिपाला केंद्राने नाचणीची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केली, साध्या भाताची २,३६९. मात्र खरेदी केंद्र जवळ नसेल तर हा भाव कागदावरच राहतो. त्यासाठी ग्रामपंचायतीने ठराव करून मागणी लावून धरली पाहिजे.

परत निघालो तेव्हा ऊन उतरले होते. मुतखेलच्या चढावर मित्राने गाडी थांबवायला लावली. उतारावरचा एक बांध फुटून माती ओहळात आली होती. तो ओहळ सरळ जलाशयात उतरत होता. तो म्हणाला, "लेका, ही माती धरणात बसली तर आमचं पाणी कमी होणार. म्हंजे आमच्या उसाचा बांध इथं आहे, आणि तो आम्ही कधी घातला नाही." खालच्या पट्ट्यातल्या पाणीवापर संस्थांनी आणि कारखान्यांनी याचा विचार करावा. वरच्या गावाची एक ताल दुरुस्त झाली, एक झरा राखला गेला, तर ती मदत नाही, आपल्याच पाण्याची राखण आहे.

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघे परत जाणार आहोत. मावशींनी बोलावलेच आहे. त्याआधी मला बाबांच्या बांधावर जायचे आहे. या वेळी पिशवी घेऊन नाही. कुठल्या खाचरात काय पेरायचे, ते आधी त्यांच्याकडून लिहून घ्यायला.