लहरी सार्वजनिक, मग कॉलेजची कबड्डी मुकी का?

क्रिकेटचा सामना असला की आकाशवाणीला वेळ सापडतो. शहादा, साक्री, यावल, भुसावळच्या कॉलेजांचे संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत भिडतात, तेव्हा त्यांचा आवाज मैदानाच्या कुंपणापलीकडे जात नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर आल्या.

आमचा सवाल हक्काचा आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो खटला क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून झाला होता, हे गमतीचं आहे. पुढे 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला द्यायला खासगी वाहिन्यांना भाग पाडलं. ते योग्यच झालं. पण 'राष्ट्रीय महत्त्व' कशाला आहे हे ठरवायला कोण बसतं? कबड्डी आणि खो-खो खेळणारी आदिवासी, बौद्ध, भटक्या समाजाची पोरं त्या यादीच्या जवळपासही नसतात.

ज्याचा खेळ सांगितला जातो, तोच लोकांच्या लक्षात राहतो. पालवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. चर्मकार म्हणून त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र दिलं नाही. ते 1923 साली धाकट्या विठ्ठलला मिळालं, तेही भांडून. मुंबईच्या चौरंगी सामन्यांचं रेडिओ समालोचन तल्यारखानांनी 1934 साली केलं, तोवर पालवणकर भावांचा जमाना संपला होता. आज घरोघरी त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

कुणी म्हणेल, आता रेडिओ ऐकतो कोण? मग पंतप्रधानांनी 2014 पासून 'मन की बात'साठी रेडिओच का निवडला? शेतात, रिक्षात, मोबाईलवर रेडिओ आजही चालतो. आणि कबड्डी तर कानांनी बघता येते. चढाई, पकड, बोनस, लोण हे गावच्या स्पर्धेत भोंग्यावरून सांगणारे समालोचक खानदेशात काही कमी नाहीत.

'विद्यापीठाने कम्युनिटी रेडिओ चालवावा' एवढ्यावर आमची बोळवण करू नका. त्याला 100 वॅटची मर्यादा, आवाका दहा-बारा किलोमीटर. जळगावात बोललेलं अक्कलकुव्यात पोचणार नाही. जळगाव आणि धुळे इथे आकाशवाणी केंद्रं आहेत, त्यांचा उपयोग व्हायला हवा. खासगी एफएमलाही 2011 च्या धोरणाने स्थानिक सामन्यांच्या थेट समालोचनाची मुभा दिली आहे. म्हणजे कायदा आडवा येत नाही. (राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचं नाव 'अश्वमेध' का, यावर वेगळं लिहू.)

आमच्या दीपनगरची वीज राज्यभर जाते. त्याच विजेवर चालणाऱ्या माईकसमोर आमची पोरं कधी येणार?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने येत्या हंगामात निदान कबड्डी आणि खो-खोचे, मुलांचे व मुलींचे दोन्ही अंतिम सामने आकाशवाणीवरून ऐकवावेत. समालोचन पत्रकारिता शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी करावं, त्यात वसतिगृहातल्या मुली असाव्यात, आणि खेळाडूचं नाव त्याच्या गावासकट घेतलं जावं. या मागणीचं निवेदन कुलगुरूंना आणि दोन्ही केंद्रांना द्यायचं आहे. सह्या गोळा करायला सुरुवात करा. जय भीम!