ओव्यांचे धनी कोण?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता मराठी वाङ्मय व लोकवाङ्मय ह्यांचे राष्ट्रीय संग्रहालय हवे, ही मागणी रास्तच आहे. प्रश्न आहे तो त्यात कोणाचे धन ठेवावयाचे आणि कोणाच्या नावे, हा.

दिनकर केळकर ह्यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह १९६२ साली राज्य सरकारला दिला. पुण्याच्या त्या संग्रहालयात दिवे आहेत, अडकित्ते आहेत. ते वापरणाऱ्या हातांची नावे मात्र क्वचितच कळतात. ओवीचे तसे झाले नाही, ह्याचे श्रेय सरकारला नाही. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ प्रसिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी मुळशी-मावळापासून आरंभ करून एक हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. गाणारणीचे नाव आणि गाव ह्यांसह टिपल्या. हे काम ज्यांच्या खजिन्यातून व्हावयाचे, ते काय करीत होते?

ओवी म्हणजे बिनमजुरीच्या श्रमाचे वाङ्मय. पहाटे दळणाऱ्या बाईला कोणी दाम दिला नाही; सासर, माहेर, विठोबा आणि बाबासाहेब ह्यांच्याविषयी जे बोलावयाचे ते ती जात्याशी बोलली. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. त्याबद्दल हळहळणारे बहुधा कधी जात्यावर बसलेले नसतात. कष्ट गेले हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर गाणे बुडावे, असा काही अर्थशास्त्राचा नियम नाही.

काळेवाडीकडे पाहावे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमागे मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून कुटुंबे आली. पोरे कंत्राटावर पाळ्या करतात आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या मुखी गावाकडची गाणी उरली आहेत. जानेवारी २०१६ मध्ये ह्याच पिंपरीत साहित्य संमेलन भरले. चार दिवसांनी मंडप उतरला; ह्या म्हाताऱ्यांच्या दारी मात्र कोणी वही घेऊन गेले नाही.

उद्याचे संग्रहालय राजधानीतील संगमरवरी दालनापासून सुरू करण्याचे कारण नाही. पहिली खोली काळेवाडीत, महापालिकेच्या शाळेत, संध्याकाळी उघडावी. गाणारणीला ध्वनिमुद्रणाच्या दिवसाचे मानधन मिळावे, तिच्या ओवीवर तिचे नाव राहावे, आणि त्यासाठीची रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी. महापालिकेच्या पुढील अंदाजपत्रकापूर्वी कार्यकर्त्यांनी ही मागणी लेखी नोंदवावी.