नर्सबाईंच्या चार गोष्टी : फोड आणि इंजेक्शन



सौदीत अल सुलै ज्या रियाध भागात आहे तिथे, आणि आपल्या नेगेवमध्येही, एकच त्वचारोग आढळतो : लेशमानियासिस. इथे त्याला ‘शोशनात येरिखो’ म्हणतात. मुलांनो, संध्याकाळी चावणारी इवलीशी वाळूमाशी तो देते. फोड चिघळतो, महिनोन्‌महिने राहतो, वण ठेवतो.

पुष्कळांचा आपोआप बरा होतो. फोड मोठे असले तर पेंटोस्टामची इंजेक्शनं देतात. त्यात अँटिमनी असतं. सांधे दुखतात, मळमळतं. यकृत, स्वादुपिंड, हृदयालाही त्रास होऊ शकतो. म्हणून रक्त आणि ईसीजी तपासतात.

वॉर्डात एका आजोबांनी धडधड लपवली, कोर्स थांबेल म्हणून! ईसीजीत कळलं, इंजेक्शनं थांबवली, आजोबा सावरले.

दुखणं सांगा. सांगणं म्हणजे कुरकुर नव्हे.