आम्ही बिनपगारी खिडकी नाही

'तुम्ही बायका किती छान सेवा करता हो!' हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते कानावर पडलं तरी सावध व्हायला होतं. बाईच्या कामाला सेवा म्हटलं की मजुरीचा प्रश्नच मिटतो, हे घरकामाच्या बाबतीत आपण केव्हाच ओळखलं. संगणक क्लबच्या बाबतीत मात्र आपल्याच संघटनांतल्या मैत्रिणींना ते दिसत नाही, म्हणून हे लिहिते आहे. काहीजणी रागावतील. रागवावं.

सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, आम्ही सहाजणींनी जानेवारी २०२५ मध्ये बायकांसाठी संगणक क्लब सुरू केला. मी अठरा वर्षं डीटीपी केलेली, एक निवृत्त शिक्षिका, एक इंजिनिअरिंगला शिकणारी मुलगी आणि तीन विडी कामगार. पगार कुणालाच नाही. जागा बालवाडीची, वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी कारखान्यात माल द्यायचा, पान-तंबाखू घेऊन परत यायचं आणि संध्याकाळी स्वयंपाक, म्हणून ही मधली वेळ. पण तीही मोकळी नव्हे. हजार विड्या वळल्या तर दिवसाची मजुरी पुरी पडते, म्हणजे क्लबला आलेली बाई ते दोन तास रात्री जागून भरून काढते. काहीजणी सूप घेऊनच यायच्या. यंत्राजवळ तंबाखू नको, असं कुणीतरी सुचवलं. आम्ही तो नियम केला नाही. केला असता तर निम्म्या बायका घरी बसल्या असत्या आणि यंत्रं स्वच्छ राहिली असती.

यंत्रं आठ, एका कंपनीने 'दान' दिलेली. देतानाचा फोटो छापून आला. ज्या यंत्रांची मुदत कंपनीच्या हिशेबात संपली होती ती आमच्याकडे आली आणि कंपनीची अडगळ गेली, एवढाच त्या दानाचा अर्थ. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली आणि आमची एकही पेटी विंडोज ११ घेण्याजोगी नव्हती. इंजिनिअरिंगवाल्या मुलीने दोन रविवार घालून सगळ्यांवर लिनक्स मिंट चढवलं. पैसा लागला नाही, परवाना लागला नाही. अक्कांपैकी एकीने एवढंच विचारलं, 'रंग बदललास काय गं?'

आम्ही शिकवलं काय? आधी इन्स्क्रिप्टचा कळफलक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. एकदा ही वाटणी समजली की मराठी लिहायला इंग्रजीची वाट धरावी लागत नाही. ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात आणि ज्यांची शाळा चौथीत सुटली, अशा बायका तीन महिन्यांत पानभर टंकू लागल्या. एकीने आठवडाभर विड्यांचा हिशेब लिहिला. कारखान्यात 'छाट' म्हणून किती विड्या बाजूला काढल्या, त्याचाही रकाना घातला. तो छापील कागद घेऊन ती माल द्यायला गेली, तेव्हा मोजणाऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे मान वर करून पाहिलं. पुस्तकी कार्यक्रमात हा धडा नव्हता. तो तिने केला.

यंत्र बाईला जमत नाही, हा समज मुळात नंतरचा आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या संगणकाला गणितं करायला लावणाऱ्या सहाजणी होत्या. त्यांना आज्ञावलीचं पुस्तक मिळालं नव्हतं, यंत्राचे आराखडे वाचून त्या शिकल्या. कौतुक यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचं झालं. पुढे त्याच देशात संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८० च्या दशकाच्या मध्याला ३७ टक्क्यांच्या आसपास बायका होत्या, त्या पंचवीस वर्षांत विसाच्याही खाली आल्या. बायकांची बुद्धी घसरली नव्हती. घरातला संगणक मुलाच्या खोलीत गेला होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुली १९९५ मध्ये ७ टक्के होत्या, २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. तिथे प्रवेशासाठी आधीच्या प्रोग्रामिंगच्या सरावाला महत्त्व देणं थांबवलं, आणि नवख्या मुलींना वर्गात जागा केली. त्या कामावर मार्गोलिस आणि फिशर यांनी २००२ मध्ये 'अनलॉकिंग द क्लबहाउस' हे पुस्तक लिहिलं. क्लबच्या दाराला कुलूप कोण लावतं, हा प्रश्न तिथलाही आणि आमचाही. (आमच्याकडे वस्तीतल्या मुलांनी मेमध्येच 'संध्याकाळी आम्हाला द्या' म्हणून मागणी केली होती. त्यांना नाही म्हटलं. तो वाद इथे उकरत नाही.)

मग सप्टेंबर आला. लाडकी बहीण योजनेच्या दरमहा १५०० रुपयांसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, आणि त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार आणि त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी मागितला गेला. पैसे तिचे, खातं तिचं, आणि किल्ली कुणाकडे? विधवेने, घटस्फोटितेने, नवऱ्याने टाकलेल्या बाईने कुणाच्या फोनकडे पाहायचं? ओरड झाल्यावर मागाहून कागदपत्रांची वेगळी वाट काढण्यात आली आणि मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. तोवर आमच्या दारात रांग लागली होती. 'तिकडे बायका फुकट करून देतात', असं सांगून एका कचेरीतूनच लोक आमच्याकडे पाठवले जात होते.

तीन महिने क्लब बंद पडल्यातच जमा होता. टंकायला शिकणाऱ्या बायका भिंतीला टेकून बसल्या आणि आम्ही सहाजणी दुसऱ्यांच्या नवऱ्यांना फोन करून 'आकडा सांगा हो' म्हणत राहिलो. दोघांनी आकडा सांगायला नकार दिला. एकाने आधी निम्मे पैसे हातावर ठेवायला सांगितले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. हे आकडे सरकारचेच. ते हातात असताना बाईचा हक्क पुरुषाच्या फोनमधून नेणाऱ्याला हे कळलं नसेल, असं मी मानत नाही.

डिसेंबरच्या बैठकीत प्रस्ताव आला: फॉर्ममागे तीस रुपये घेऊ, क्लबचं रीतसर केंद्र करू, विजेचं बिल निघेल. आपल्या चळवळीतल्या एका ज्येष्ठ ताईंनीही बजावलं, 'उपाशी बाईला आधी पंधराशे रुपये, मग तुझा कळफलक.' ताईंचा मुद्दा हलका नाही. आलेल्या एकाही बाईला आम्ही परत पाठवलं नाही आणि यापुढेही पाठवणार नाही. पण ताई, कचेरीतली खिडकी बंद करून ती आमच्या बालवाडीत उघडायची, तिथे बसणाऱ्या बाईला पगार द्यायचा नाही आणि वर तिच्याकडून तीस रुपये गोळा करवायचे, ह्याला सक्षमीकरण म्हणायचं? २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले होते. फोन धड चालत नव्हते, अ‍ॅप इंग्रजीत होतं, आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी येत होता. त्यांना कुणी 'सेवाभाव कमी पडला' म्हणालं का? म्हणालंच. तरी त्यांनी परत केले. आणि त्यांच्या हातात निदान मानधन तरी होतं.

फॉर्म भरून घेणारी बाई पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरून घ्यायलाच येते. आठ पेट्यांपुढे आम्ही सहाजणी बसलो आणि ती रांगेत उभी राहिली, तर तिच्या दृष्टीने आमच्यात आणि नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यात फरक काय? तो निदान वेळेवर उघडतो.

प्रस्ताव चारास दोन मतांनी पडला. तिन्ही विडी कामगार बाया विरोधात होत्या, हे मुद्दाम नोंदवते. ठरलं ते असं. फॉर्मचं काम फक्त मंगळवारी. प्रत्येक फॉर्मची वहीत नोंद: सिमकार्ड कुणाच्या नावावर, ओटीपी कुणाच्या हातात, ठसा न उमटल्यामुळे किती खेपा, किती मजुरी बुडाली. शेवटच्या रकान्यात आमचा गेलेला वेळ, मिनिटांत. ज्या बाईच्या नावावर सिम नाही, तिच्याबरोबर आमच्यातली एकजण दुकानात जाणार.

जानेवारीत चार मंगळवार झाले. वहीची एकोणीस पानं भरली. ती टंकून काढायचं काम रांगेतल्याच दोघींनी घेतलं आहे, मार्चमध्ये ती घेऊन कचेरीत जायचं आहे. ज्या संघटनांच्या क्लबात असं काम चालतं, त्यांनी आपापल्या वह्या आजपासून सुरू कराव्यात आणि मिनिटांचा रकाना गाळू नये.