ती गुलाबी गाडी कुणाची?

युरोपातली रेस असेल तर आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साधारण साडेसहाला लाल दिवे विझतात आणि सगळ्या गाड्या एकदम पहिल्या वळणावर घुसतात. तुम्ही मोबाइलवर फॅनकोड लावलेलं असतं. स्क्रीन सहा इंचांची, त्यात अर्धी जागा नावांच्या यादीने खाल्लेली. शेजारी बसलेला, ज्याला तुम्हीच फॉर्म्युला वनचा नाद लावलाय, तो विचारतो, ‘‘ती निळी कुणाची रे?’’ २०२४ मध्ये या प्रश्नाची किमान तीन उत्तरं होती. रेड बुल निळी, विल्यम्स निळी आणि आरबीपण निळीच. २०२५ मध्ये आरबीचं रेसिंग बुल्स झालं आणि गाडी पांढरी झाली. बरं झालं म्हणावं, तर हास आधीच पांढरी!

तुम्ही नवीन असाल तर आधीच सांगते, चूक तुमच्या डोळ्यांची नाही. या खेळात गाडीचा रंग हा ओळखीचा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा आहे. आणि हे आता खेळ चालवणाऱ्यांनीसुद्धा मान्य केलंय. २०२६ च्या सीझनपासून नियम असा, की बाजूने आणि वरून पाहिल्यावर गाडीचा किमान ५५ टक्के पृष्ठभाग रंगाने किंवा स्टिकरने झाकलेला हवा. उघडं काळं कार्बन फायबर त्यात धरत नाहीत. हेतू स्पष्ट सांगितलाय, की गाड्या एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात. कोट्यवधी डॉलर खर्च करणाऱ्या संघांना ‘बाबांनो, गाडीला रंग लावा’ असं नियम करून सांगावं लागतंय, हेच मुळात गमतीशीर आहे.

पण रंग गेला कुठे? वजनात गेला. २०२२ मध्ये गाड्यांची रचना पूर्ण बदलली आणि बहुतेक संघांच्या गाड्या किमान वजनाच्या, म्हणजे ७९८ किलोंच्या, वर गेल्या. दहा किलो जास्त म्हणजे लॅपमागे साधारण तीन दशांश सेकंद, हा तिथला नेहमीचा ठोकताळा. रंगाचं वजन काही किलो भरतं. मग इंजिनिअरनी खरवडायला सुरुवात केली. आधी कडा, मग बाजू, मग जवळजवळ अख्खी गाडी. २०२३ मध्ये मर्सिडीज काळी आली, अल्फा रोमिओ काळी-लाल, हासवरही काळं वाढलेलं. मर्सिडीजचं तर आणखीच गुंतागुंतीचं. २०२० मध्ये ती काळी झाली होती वर्णद्वेषाविरोधात भूमिका म्हणून, २०२२ मध्ये पुन्हा चंदेरी झाली आणि २०२३ मध्ये परत काळी, पण या वेळी ग्रॅम वाचवायला. एकच काळा रंग, दोन पूर्ण वेगळे अर्थ. सोफ्यावर बसलेल्या माणसाला कसं कळणार?

मर्सिडीजचा चंदेरी रंगसुद्धा म्हणे असाच खरवडण्यातून आला. गोष्ट १९३४ ची. वजनाची मर्यादा होती ७५० किलो, गाडी भरली ७५१. मॅनेजर आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी रातोरात पांढरा रंग घासून काढायला लावला, खालचं अ‍ॅल्युमिनियम चमकलं आणि ‘सिल्व्हर अ‍ॅरो’ जन्माला आले. इतिहासकारांना ही गोष्ट पटत नाही, कारण ज्या रेसचं नाव घेतात तिथे ती वजनमर्यादा लागूच नव्हती. पण दंतकथा म्हणून ती फार चपखल आहे. नव्वद वर्षांनी तोच संघ, तीच युक्ती.

मुळात गाडीचा रंग संघाचा नव्हताच, देशाचा होता. इटली लाल, फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, जर्मनी आधी पांढरा आणि मग चंदेरी. फेरारी लाल का, याचं उत्तर तिथे आहे. १९६८ मध्ये प्रायोजकांना दार उघडलं. लोटसने हिरवा रंग उतरवला आणि गोल्ड लीफ या सिगारेटच्या पाकिटाचे लाल-पांढरे-सोनेरी रंग चढवले. त्या दिवसापासून गाडीचा रंग ज्याचा पैसा त्याचा. मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये. प्रायोजक नसते तर अर्धे संघ सुरूच झाले नसते. पण देशाचा रंग दरवर्षी बदलत नाही, कंपनीचं मार्केटिंग बजेट बदलतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला एक कारखाना आहे. तिथून १९९१ मध्ये हिरवी जॉर्डन निघाली. मायकेल शूमाकर पहिली फॉर्म्युला वन रेस त्याच हिरव्या गाडीत धावला. मग निळी जॉर्डन, मग १९९६ पासून पिवळी. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, तो याच पिवळ्या गाडीतून. मग संघ विकला गेला, नाव मिडलँड झालं. मग स्पायकर, नारिंगी. २००७ मध्ये विजय मल्ल्यांनी घेतला आणि फोर्स इंडिया झाली, लवकरच अंगावर केशरी-पांढरा-हिरवा आला. २००९ मध्ये स्पामध्ये जियानकार्लो फिसिकेला पहिल्या क्रमांकावरून सुटून दुसरा आला, तेव्हा तिरंग्यातली गाडी पोडियमवर बघून आपल्याकडे किती जणांनी आयुष्यात पहिल्यांदा फॉर्म्युला वनची बातमी वाचली असेल! २०१७ च्या सीझनच्या तोंडावर बीडब्ल्यूटी ही पाणी शुद्धीकरणाची ऑस्ट्रियन कंपनी आली आणि फोर्स इंडिया गुलाबी झाली. २०१८ मध्ये दिवाळखोरी, नवे मालक, रेसिंग पॉइंट. गुलाबी मात्र तीच. २०२१ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन, रंग पुन्हा हिरवा.

आता गंमत बघा. बीडब्ल्यूटीने २०२२ मध्ये आपला गुलाबी रंग उचलला आणि अल्पीनकडे नेला. म्हणजे एखादा चाहता २०२० ला बघायचं सोडून २०२२ ला परत आला असेल, तर त्याला गुलाबी गाडी दिसली असेल आणि तो म्हणाला असेल, ‘अरे वा, आपली जुनी फोर्स इंडिया!’ अजिबात नाही. कारखाना वेगळा, इंजिन वेगळं, माणसं वेगळी. त्यात कहर म्हणजे आत बसलेला एस्तेबान ओकॉन दोन्ही गुलाबी गाड्यांत बसून झालेला. २०१७-१८ मध्ये फोर्स इंडियात, २०२२ मध्ये अल्पीनमध्ये. रंग तोच, ड्रायव्हरही तोच, संघ मात्र दुसराच.

आयपीएलशी तुलना करायचा मोह होतो. आरसीबी वर्षातून एक सामना हिरव्या जर्सीत खेळते, पण तेव्हा कुणी गोंधळत नाही, कारण विराटचा चेहरा दिसतो. रेसिंगमध्ये चेहरा हेल्मेटमध्ये आणि २०१८ पासून हेल्मेट हेलोच्या मागे. हेलो म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची ती टायटॅनियमची कमान. तिने जीव वाचवलेत, तिच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण ओळखीची एक खूण तिने झाकली हे खरं.

हेल्मेटचाही एक किस्सा आहे. पूर्वी ड्रायव्हर आयुष्यभर एकच डिझाइन वापरायचे. नंतर दर रेसला नवं हेल्मेट घालायची फॅशन आली. तेव्हा २०१५ मध्ये नियम झाला, की सीझनमध्ये हेल्मेटचं डिझाइन बदलायचं नाही, लोकांना ओळखता यायला हवं. ड्रायव्हर वैतागले, नियम हळूहळू सैल झाला आणि २०२० मध्ये गेला. आता परत दर रेसला नवं हेल्मेट. म्हणजे प्रेक्षकाच्या बाजूने नियम होतात, पण टिकत नाहीत.

उलट दिशेचा नियम मात्र टिकलाय. एका संघाच्या दोन्ही गाड्या दिसायला सारख्या हव्यात. १९९९ मध्ये बीएआर या नव्या संघाच्या मालकांना, म्हणजे ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोला, एक गाडी लकी स्ट्राइकच्या रंगात आणि दुसरी ५५५ च्या रंगात हवी होती. परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी काय केलं असेल? प्रत्येक गाडी मधोमध विभागली. एका बाजूला लाल-पांढरं, दुसऱ्या बाजूला निळं-पिवळं आणि मध्ये चक्क चेन रंगवली, जॅकेटला असते तशी. दिसायला भयंकर, पण नियमाचं अक्षरशः पालन! डावीकडून बघणाऱ्याला एक संघ दिसायचा आणि उजवीकडून बघणाऱ्याला दुसरा.

आता अमेरिकेत चला, कारण रंग बदलण्यात नॅसकारचा हात कुणी धरू शकत नाही. तिथे सीझनमध्ये ३६ रेस आणि एकाच गाडीचा मुख्य प्रायोजक रेसगणिक बदलू शकतो. या रविवारी बिस्किटांची कंपनी, पुढच्या रविवारी हार्डवेअरचं दुकान. तरी तिथला प्रेक्षक फारसा गोंधळत नाही, कारण त्याने रंगावर कधी भिस्त ठेवलीच नाही. तो आकडा बघतो. नुसता आकडा नाही, आकड्याचं वळण. डेल अर्नहार्टचा तिरका ३ चाहत्यांच्या टोप्यांवर आणि ट्रकच्या काचांवर वर्षानुवर्षं झळकला. रिचर्ड पेटीचा ४३ तसाच. या पेटींचा निळा रंग त्यांच्या घराण्याचाच. १९७२ मध्ये एसटीपी कंपनीला गाडी पूर्ण लाल हवी होती. पेटी अडून बसले. शेवटी तोडगा निघाला तो अर्धी लाल, अर्धी निळी. पुढे तीच जोडी इतकी प्रसिद्ध झाली, की ती आधी तडजोड होती हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. प्रायोजकाला ‘नाही’ म्हणण्याची ऐपत असलेला ड्रायव्हर मात्र विरळाच.

आणि तिथेही आकड्याची जागा सुरक्षित नाही बरं का! २०२२ मध्ये नॅसकारने दारावरचा आकडा मधून पुढच्या चाकाकडे सरकवला. कारण? मागे प्रायोजकाला सलग मोठी जागा मिळावी. जुने चाहते चिडले, पण आकडा सरकला तो सरकलाच.

मग तुम्ही काय बघायचं? फॉर्म्युला वनमध्ये आधी ड्रायव्हरच्या डोक्यावरचा टी-आकाराचा कॅमेरा बघा. संघाच्या पहिल्या गाडीवर तो काळा असतो, दुसरीवर भडक पिवळा. दोन मॅकलारेन एकामागे एक धावत असतील, तर एवढ्यावरून उत्तर मिळतं. सीझनच्या सुरुवातीला दहा-अकरा जोड्या पाठ करायच्या, बस. मग नंबर. २०१४ पासून ड्रायव्हर आपला नंबर स्वतः निवडतो आणि तो सहसा त्याचाच राहतो. लुइस हॅमिल्टनचा ४४ मर्सिडीजमधून फेरारीत त्याच्याबरोबरच गेला. अपवाद १ चा, तो फक्त विजेत्याला. आणि १७ कुणालाच मिळत नाही, तो जूल्स बियांकीच्या स्मृतीत निवृत्त केलाय. लमाँच्या २४ तासांच्या रेसमध्ये साठेक गाड्या असतात, तिथे नंबरच्या पट्टीचा रंग बघा. हायपरकार लाल, एलएमपी२ निळा. रात्री हे फार कामाला येतं. ‘लाल म्हणजे फेरारी’ असं तिथे डोक्यात पक्कं केलंत तर फसाल. २०२५ मध्ये तीन सारख्याच फेरारी ४९९पी उतरल्या, ५० आणि ५१ नंबरच्या लाल आणि ८३ नंबरची पिवळी. जिंकली ती पिवळी.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, नावांची यादी स्क्रीनवर असतेच की. असते. पण यादी वाचणं म्हणजे रेस बघणं नव्हे. आणि याचा खरा फटका पुढच्या तिघा-चौघांना बसत नाही, कॅमेरा त्यांच्यावरच असतो. बसतो तो मधल्या गर्दीत धावणाऱ्या पोरांना. फॉर्म्युला टूचं बघा. तिथे सगळ्यांची चासी एकच, इंजिनही एकच. वेगळं असतं ते फक्त गाडीवरचं चित्र. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० ते २०२३ तिथे धावला. डिसेंबर २०२० मध्ये साखीरला जिंकला, फॉर्म्युला टूमध्ये रेस जिंकणारा पहिला भारतीय. पण चार सीझनमध्ये कार्लिन, प्रेमा आणि एमपी मोटरस्पोर्ट असे तीन संघ, म्हणजे रंगही तीन. त्याला फॉलो करायचं तर दर वेळी नव्याने शोधायचं. किती जण तेवढी तसदी घेतात? आणि ज्याला कुणी शोधत नाही, त्याला प्रायोजक कुठून मिळणार?

म्हणून तो ५५ टक्क्यांचा नियम मला अर्धाच वाटतो. रंग लावा म्हणतो, पण ‘वेगळा रंग लावा’ असं त्या आकड्यात कुठे नाही. दोन संघांनी ५५-५५ टक्के पांढरं लावलं तर नियम पाळला जाईल आणि आपण पुन्हा जिथे होतो तिथेच. शिवाय मोजमाप बाजूने आणि वरून, आणि टीव्हीवर गाडी बराच वेळ दिसते ती समोरून किंवा मागून. यंदा कॅडिलॅक आल्याने गाड्या २२ झाल्यात आणि नव्या नियमांमुळे किमान वजन सुमारे ३० किलोंनी उतरलंय, म्हणजे रंग खरवडण्याचा मोह वाढणारच. संघ ५५ वर ५६ वा टक्का लावतील असं मला वाटत नाही. त्यामुळे पहिल्या वळणावर शेजारच्याने पुन्हा ‘ती कुणाची रे’ विचारलं, तर घाई करू नका. गाडी वळू द्या, डोक्यावरचा कॅमेरा काळा की पिवळा ते बघा, मग सांगा.