चेहऱ्याची चूक

यंदा श्रावणात आठ दिवस नागावला आत्याकडे जाऊन राहिलो. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या लाँची बंद, तेव्हा आम्ही उभयता एस. टी.त बसून, वडखळचे हिसके खात, अलिबागमार्गे पोचलो. नागावला पाऊस लागला की माणसाला घर सुटत नाही. समुद्रावर जावे तर सुरूच्या बनातला वारा छत्री उलटी करतो. वाडीत जावे तर पाऊस थांबला तरी पोफळी ठिबकतच असतात. मग करायचे काय? भाच्याचा लॅपटॉप ओटीवरच्या पाटावर मांडला आणि रोज रात्री एक जुना रहस्यपट, असा बेत ठरला.

प्रेक्षक चार : मी, आमची सौभाग्यवती, आत्या आणि वाडी राखणाऱ्या गड्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. 'काका, खून कुणी केला ते आधी सांगायचं नाही हं!' अशी त्याची मला सक्त ताकीद असे.

पहिल्या रात्री 'पाठलाग' लावला. राजा परांजप्यांचा, १९६४ सालचा. जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. दोनच वर्षांनी हिंदीत त्याचा 'मेरा साया' झाला, हे वाचकांना ठाऊक असेलच. बायको वारली म्हणून दुःखात बुडालेला वकील, आणि पोलिसांनी पकडून आणलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक बाई. ती म्हणते, मीच तुमची बायको. काशीनाथ घाणेकर तिला कोर्टात प्रश्नांवर प्रश्न विचारतात आणि भावना घरातल्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत जाते. तरी नवऱ्याचा विश्वास बसत नाही. अखेर तीच खरी ठरते. (रहस्य फोडले म्हणून रागावू नका, साठ वर्षे होऊन गेली!) चित्रपट संपल्यावर आत्या म्हणाली, 'बायको ओळखायला मेल्याला कोर्ट लागलं!' समीक्षकाला चार रकाने लागले असते, ते तिने एका वाक्यात सांगितले.

दुसऱ्या रात्री बी. आर. चोप्रांचा 'कानून', १९६० सालचा. त्यात एकही गाणे नाही. गाणी नाहीत म्हणून आमची सौ. आधी खट्टू झाली होती, पण अर्ध्या तासात तिने हातातले विणकाम खाली ठेवले. सावकाराचा खून होतो. तरुण वकील राजेंद्रकुमार खुन्याला डोळ्यांनी पाहतो आणि तो त्याला न्यायमूर्ती अशोककुमारच दिसतो, म्हणजे त्याचा होणारा सासरा! इकडे पोलीस धरतात ते एका भुरट्या चोराला, कारण तो तिथे सापडला आणि तो गरीब आहे. हा चोर आपल्या नाना पळशीकरांनी असा काही उभा केला आहे, की त्याचे ते भेदरलेले डोळे झोपेतही दिसावेत. याच भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. शेवटी खुनी निघतो न्यायमूर्तींसारखाच दिसणारा कुणी तिसराच. त्या रात्री आम्ही सगळे त्या चोरासाठी हळहळलो. सर्वांत जास्त मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ उतरवणाऱ्याला द्यायचे दोन हजार रुपयांचे पाकीट सापडेना. कपाट पाहिले, उशीखाली पाहिले, पंचांगाची पाने झटकली. तेवढ्यात तो मुलगा दूध घेऊन आला. मी त्याला काही म्हटले नाही. एवढेच विचारले, 'काल माझ्या खोलीत आला होतास का रे?'

त्याने माझ्याकडे पाहिले. ते डोळे मी आदल्याच रात्री पाहिले होते.

'नाही,' म्हणाला, दुधाचे भांडे ठेवले आणि गेला.

पाकीट दुपारी मिळाले. लॅपटॉपच्या पिशवीत, तारेच्या भेंडोळ्याखाली, मीच ठेवलेले. आत्याने सुपारी कातरता कातरता मान वर न करता म्हटले, 'सिनेमातल्याला निदान वकील तरी होता.'

त्या रात्री तो आला नाही. आम्ही हिचकॉकचा 'द राँग मॅन' पाहिला, १९५६ सालचा. अमेरिकेत खरीच घडलेली हकिगत. क्लबात वाजवणारा एक साधा वादक बायकोच्या दातांच्या खर्चासाठी तिच्या विम्यावर कर्ज काढायला जातो आणि तिथल्या बायका त्याला आधी येऊन गेलेला लुटारू समजतात. हेन्री फोंडाने त्याचे काम केले आहे. पुढे खरा चोर सापडतो, हा सुटतो. पण तोवर बायकोचे मन बिघडलेले असते. तो धावत जाऊन तिला सुटल्याचे सांगतो, आणि ती नुसती बघत राहते. आत्याला सगळे मराठीत सांगत होतो. इथे माझेच शब्द अडले.

तिन्ही चित्रपटांत घोटाळा एकच, चेहऱ्याच्या साधर्म्याचा. मी मात्र चेहराही पाहिला नव्हता. त्याचे घर किती लहान आहे, तेवढेच पाहिले होते.

सकाळी गड्याच्या खोपीवर गेलो आणि त्याच्या आईबापांदेखत म्हणालो, 'चूक माझी झाली बाळा.' तो म्हणाला, 'राहू द्या काका.' रात्री आलाही. 'लाखाची गोष्ट' लावला होता, खूप हसला. पण ओटीवर नाही, बाहेरच्या पायरीवर बसून. पागोळ्यांचे पाणी त्याच्या पायांवर उडत होते. आत्याने दोनदा वर बोलावले. 'इथंच बरं आहे,' म्हणाला.

दिवाळीत फराळाचे डबे घेऊन पुन्हा नागावला जायचे आहे. चित्रपट कोणता लावायचा ते त्यालाच विचारीन. आणि या खेपेस पायरीवर मीच जाऊन बसेन म्हणतो.